चांदी ओळखण्याचे शास्त्र: उलटी करा आणि ‘हं’ म्हणा

जुन्या चांदीचा पारखी व्हायचे असेल, तर आधी चेहरा गंभीर करावा. वस्तू पाहून ‘अहाहा’ म्हणू नये. दुकानदार लगेच भाव वाढवतो. मुकाट्याने ती उलटी करावी, भिंग डोळ्याला लावावे आणि ‘हं’ म्हणावे. या ‘हं’चा अर्थ कोणालाच कळत नसल्याने तो सर्वत्र चालतो.

इंग्लंडच्या भांड्यावर पुढचा पाय उचलून चालणारा सिंह दिसला, तर ९२.५ टक्के चांदी. हा शिक्का १५४४ पासूनचा. बिबट्याचे मुंडके म्हणजे लंडन, मुकुट म्हणजे शेफिल्ड. मात्र लंडनच्या बिबट्यालाही १८२१ पर्यंत मुकुट असे, त्यामुळे नुसता मुकुट पाहून शहर जाहीर करण्याची घाई नको. नांगर दिसला की बंदर शोधू नये. तो १७७३ पासून बर्मिंगहॅमचा आहे, आणि बर्मिंगहॅमला समुद्रच नाही! ‘क्राउन अँड अँकर’ नावाच्या खाणावळीतल्या बैठकीतून हे चिन्ह आले, असे सांगतात.

यानंतर सालाचे अक्षर. लंडनमध्ये वीस अक्षरांचा फेरा चाले. ‘ए’ १७७६ साली आला, १७९६, १८१६ आणि १८३६ सालीही आला. फरक लिपीच्या वळणात आणि भोवतालच्या चौकटीच्या आकारात. नवशिका इथे बहुधा साठ वर्षांनी चुकतो, तेही मोठ्या आत्मविश्वासाने.

कारागिराची मुद्रा सर्वांत रसाळ. वळणदार ‘एच बी’ दिसले की हेस्टर बेटमन ही विधवा आठवावी: नवऱ्यामागे तिने १७६१ साली स्वतःची मुद्रा नोंदवली आणि लंडनमधला कारखाना चालवला. पण मुद्रेवर भाळण्याआधी तिच्यावर हाः करून श्वास सोडावा. वाफेच्या पुसट थरात झाळेची रेघ उमटली, तर शिक्का दुसऱ्या लहानग्या वस्तूवरून कापून इथे चिकटवलेला असू शकतो. १७२० ते १७५८ या काळात औंसामागे सहा पेन्स कर होता. तो चुकवायला बड्या कारागिरांनीही ही शक्कल लढवली.

आता बाजारात सर्वाधिक आढळणारी चार अक्षरे: ‘ईपीएनएस’. चार वेगळ्या चौकटींत ती इतक्या रुबाबात ठोकलेली असतात, की बघणारा हात जोडतो. अर्थ एवढाच: निकेलच्या मिश्रधातूवर चांदीचा मुलामा. मुलाम्याखालच्या ‘जर्मन सिल्व्हर’मध्ये तांबे, जस्त आणि निकेल असते; चांदी नावालाही नसते.

सिंह नाही म्हणून मात्र सरसकट नाक मुरडू नये. ब्रिटिश अमलाखालच्या हिंदुस्थानात इंग्लंडसारखी सरकारी कस-तपासणी नव्हती, त्यामुळे इथले कारागीर स्वतःचीच मुद्रा मारत. कच्छच्या ओमरसी मावजींच्या ‘ओ एम’ आणि ‘भुज’ या ठशांच्या भांड्यांना आज जगभर मागणी आहे.

तेव्हा आजीच्या कपाटातून काही निघालेच, तर ते चिंच लावून घासायला घेऊ नका. झिजलेला शिक्का वाचता येत नाही, आणि न वाचता येणाऱ्या शिक्क्याचे पैसे कोणी देत नाही.