एक देश, एक उन्हाळा

सरकारी दप्तराप्रमाणे आपल्या देशात पाच हवामाने नांदतात. उष्ण-कोरडे, उष्ण-दमट, संमिश्र, समशीतोष्ण आणि थंड. मुंबई दमटात, नागपूर संमिश्रात, बंगळुरू समशीतोष्णात, लेह थंडीत. घरात माणूस शिजू नये म्हणून ते कसे बांधावे, हे सांगणारी ‘इको निवास संहिता’ २०१८ साली आली, तीही याच वाटणीवर. दमट मुलखात चटईक्षेत्राच्या किमान १६.६६ टक्के जागा वाऱ्यासाठी उघडता आली पाहिजे. कोरड्या मुलखात १० टक्के पुरे. मुंबईत वारा घाम सुकवतो, कोरड्या भागात तोच दुपारी भाजून काढतो, इतके साधे कारण.

पण बिल्डर पैसे घेतो समुद्राच्या देखाव्याचे, वाऱ्याचे नाही. म्हणून जमिनीपासून छतापर्यंत काच. उरलेली गॅलरी रहिवासी हौसेने बंद करून घेतात आणि एसीच्या दुकानात जातात.

तिथे प्रत्येक यंत्रावर ऊर्जा दक्षता ब्यूरोचे लेबल असते. तारे आणि वर्षाला किती युनिट लागतील तो आकडा. हा आकडा १६०० तासांच्या वापराचा. इथे मात्र पाचही हवामाने गुण्यागोविंदाने एकत्र येतात. चेन्नईला १६०० तास, बुखारीशेजारी बसलेल्या लेहलाही १६०० तास!

अर्थात लेबल वाचतो कोण?

“दीड टन म्हणजे भिंतीला झेपेल ना हो?”

“बिनधास्त घ्या काका, दोन माणसं आरामात उचलतात.”

एक टन बर्फ चोवीस तासांत वितळवायला जेवढी उष्णता लागते, तेवढी खोलीतून उपसण्याची ताकद म्हणजे एक टन. पण ईएमआयच्या फलकाने लेबलच झाकलेले; बर्फाची चौकशी कोण करणार?

नागपूरच्या मावशी तेवढ्या ठाम असतात. “एसी कायले पायजे बाप्पा? कूलर घे न!” वाळ्याच्या ताट्या, टाकीभर पाणी, की मे महिन्याची कोरडी हवा गार. भाचा आज्ञाधारक, अंधेरीत कूलर लावतो. तिथली हवा आधीच पाणी पिऊन तट्ट. आता त्याच्या बेडरूममध्ये पापड मऊ पडतात.

जानेवारी २०२० पासून नवा एसी सुरू होताच २४ अंशांवर उभा राहतो. एकेक अंश वर ठेवला की सुमारे सहा टक्के वीज वाचते, असे ब्यूरो सांगते. तो १८ वर नेऊन पांघरूण शोधणारे नागरिक मात्र पाचही विभागांत सापडतात. राष्ट्रीय एकात्मता म्हणतात ती हीच.

संहितेच्या पुढच्या आवृत्तीत सहावा विभाग घालावा, ही नम्र सूचना: शेजार. समोरच्यांनी दीड टनाचा बसवला, की आपल्या घरातला उकाडा त्याच रात्री दोन टनांवर जातो.