श्वानसोबतीने हरिश्चंद्रगड

अहिल्यानगर जिल्ह्याच्या अकोले तालुक्यातील हरिश्चंद्रगडावर (उंची सुमारे १,४२४ मीटर) जाणाऱ्या अनेक वाटांपैकी पाचनई गावातून चढणारी वाट सर्वांत सोपी मानली जाते, आणि या वाटेवर माणसांच्या जोडीने आणखी एक प्राणी नित्यनेमाने गड चढताना आढळतो, ज्याची दखल गडाच्या इतिहासाने व भूगोलाने फारशी घेतलेली दिसत नाही. हा प्राणी म्हणजे गावठी कुत्रा होय.

‘सोबतीचा श्वान’ ही संज्ञा येथे मर्यादित अर्थाने वापरली आहे. ज्याला कोणीही बोलावलेले नसते, ज्याच्या गळ्यात बहुधा पट्टा नसतो, आणि जीपमधून उतरणाऱ्या मंडळींच्या पाठपिशव्यांचा (ज्यांना डोंगरभटक्यांच्या बोलीत ‘सॅक’ म्हणतात) दुरूनच वास घेऊन कोणत्या गटाबरोबर निघायचे हे जो स्वतः ठरवतो, तो सोबतीचा श्वान. शहरातून मोटारीत बसून आलेला, स्वतःची पाण्याची बाटली व स्वतःचा टॉवेल बाळगणारा लॅब्रेडॉर या व्याख्येत बसत नाही. तो पाहुणा होय, आणि चढावर त्याने बसकण मारली तर परीक्षा मालकाचीच होते, कारण या जातीच्या प्रौढ नराचे वजन तीस किलोंच्या आसपास असते.

गटाची निवड ही श्वानाच्या दृष्टीने शास्त्रीय बाब आहे. माणसाच्या नाकात गंधग्राही पेशी साठ लाखांच्या आतबाहेर असतात, तर कुत्र्याच्या नाकात त्या वीस कोटींहून अधिक असल्याचे मानले जाते. तेव्हा सॅकच्या तळाशी, रेनकोटच्या घडीत, एकात एक अशा तीन पिशव्यांत गुंडाळलेली चकली ही केवळ मालकाच्या समजुतीपुरतीच लपवलेली असते. निवड झाली की नामकरण होते. ते प्रत्येक गट नव्याने करीत असल्यामुळे शनिवारी ‘शेरू’ असलेला श्वान रविवारी ‘मोत्या’ होतो, आणि दोन्ही नावांना तो सारखाच प्रतिसाद देतो, म्हणजे हाक मारणाऱ्याच्या हातात बिस्किटाचा पुडा असेल तर देतो.

न बोलावता सोबत करण्याच्या या प्रथेची परंपरा मोठी आहे. महाभारताच्या महाप्रस्थानिक पर्वात पाच पांडव व द्रौपदी हिमालयाकडे निघाले तेव्हा एक कुत्रा न बोलावताच त्यांच्यामागे चालू लागला, आणि द्रौपदीसह चार भाऊ वाटेत एकामागून एक कोसळल्यावर शेवटपर्यंत टिकले ते युधिष्ठिर आणि तो कुत्रा. निव्वळ हिशेबाने पाहता सहा माणसांपैकी एक पोचले आणि एका श्वानापैकी एक पोचला. हे प्रमाण पाचनईच्या वाटेवर आजही फारसे बदललेले नाही, एवढेच की गळालेली मंडळी स्वर्गाऐवजी वाटेवरच्या लिंबू सरबताच्या टपरीत सापडतात. महाभारतातील कुत्रा शेवटी साक्षात धर्म निघाला. पाचनईच्या श्वानांनी आपले खरे रूप अद्याप प्रकट केलेले नाही, मात्र पोळीभाजीचा डबा उघडताच त्यांच्या मुद्रेवर जे वैराग्य पसरते ते पाहून भलेभले क्षणभर संभ्रमात पडतात.

प्रत्यक्ष चढाईत श्वानाची श्रेष्ठता वादातीत आहे. कुत्रा टाच न टेकवता चवड्यांवर चालणारा प्राणी असून त्याची नखे मांजरासारखी आत ओढली जात नाहीत, त्यामुळे कातळावर (म्हणजे माती धुपून उघड्या पडलेल्या सलग खडकावर) जेथे महागडे बूट घसरतात तेथे तो कोणताही खर्च न करता उभा राहतो. शिवाय गट एकदा गड चढतो तर श्वान तोच गड दोनदा-तीनदा चढतो, कारण पुढे जाणे, मंडळी का थांबली हे पाहण्यासाठी परत येणे, आणि धापा टाकणाऱ्या सदस्यासमोर बसून त्याच्याहून अधिक जीभ बाहेर काढणे, असा त्याचा क्रम असतो. यात उपहास नाही. कुत्र्याच्या घामाच्या ग्रंथी मुख्यतः तळपायांच्या गाद्यांत असल्याने धापा टाकणे हाच त्याचा शरीर थंड करण्याचा प्रमुख मार्ग आहे; तरीही सदस्याला ते लागतेच.

माथ्यावरील हरिश्चंद्रेश्वराच्या प्राचीन मंदिराबाबत श्वानाचे मत अनुकूल आहे, कारण त्या परिसरात गावकऱ्यांच्या झोपड्यांतून पिठले-भाकरी मिळते. शेजारच्या केदारेश्वराच्या गुहेत चार खांबांपैकी एकच शाबूत असून भव्य शिवलिंगाभोवती कमरेइतके गार पाणी असते. त्यातून कुडकुडत प्रदक्षिणा घालणाऱ्यांकडे श्वान कोरड्या दगडावरून पाहत राहतो.

रात्री तो तंबूला अंग लावून झोपतो, आणि तो आपली राखण करतो आहे असा गटाचा समज होतो. प्रत्यक्षात अकोले तालुक्यातच झालेल्या एका अभ्यासात बिबट्याच्या आहारातील सर्वांत मोठा वाटा, सुमारे ३९ टक्के, कुत्र्यांचा असल्याचे आढळले आहे. राखण होते हे खरे. ती कोण कोणाची करतो एवढाच तपशील गटाने उलटा लावलेला असतो.

सकाळी कोकणकडा. हा पश्चिमेकडे तोंड केलेला, आतल्या बाजूस वाटीसारखा वळलेला प्रचंड कडा असून, कर्नल साइक्स या इंग्रज अधिकाऱ्याला येथे इंद्रवज्र, म्हणजे खालच्या धुक्यावर उमटणारे पूर्ण वर्तुळाकार इंद्रधनुष्य, दिसल्याची नोंद सांगितली जाते. सूर्य पाठीशी आणि धुके दरीत असले तरच ते दिसते, म्हणून तासन्‌तास वाट पाहावी लागते. श्वानाला या प्रकाराचे अप्रूप नाही. कुत्र्याच्या डोळ्याला मुख्यतः निळा व पिवळा हे दोनच रंग नीट कळत असल्याने सात रंगांपैकी बहुतेक त्याच्या दृष्टीने वायाच जातात. तरीही तो या स्थळी येण्याचे कधी टाळत नाही, आणि त्याचे कारण कड्याच्या भूरचनेत नसून तो पाहण्याच्या रीतीत आहे. वारा व उंची लक्षात घेता काठाशी उभे न राहता पोटावर आडवे होऊन केवळ डोके पुढे काढावे असा संकेत आहे. तो योग्यच आहे, आणि त्यानुसार संपूर्ण गट सॅक मागे उतरवून एका ओळीत पालथा पडतो, सर्वांची तोंडे कोकणाकडे होतात, आणि वाऱ्याच्या आवाजात मागचे काही ऐकू येत नाही. श्वान कड्याकडे पाठ करून बसलेला असतो. धुके विरल्यावर मंडळी उठतात तेव्हा रेनकोटची घडी मोडलेली असते, तिन्ही पिशव्या गवतात वेगवेगळ्या पसरलेल्या असतात, आणि शेरू पाचनईच्या वाटेने बराच पुढे गेलेला दिसतो.