बेंगळुरूत भूतकाळ कसा वापरावा

बेळगावहून किंवा पुण्याहून नोकरीसाठी बेंगळुरूत उतरलेल्या माणसाला आधी भाड्याचं घर लागतं, मग पाण्याचा टँकर आणि मग इंग्रजीचा साधा भूतकाळ. पहिल्या दोहोंची सोय दलाल करतो. तिसऱ्यासाठी हे मार्गदर्शन.

क्रियापदाला 'एड' जोडा, झालं. मात्र 'वॉक-एड' म्हणू नका. लिहिताना सारखा दिसणारा हा शेपटा बोलताना 'वॉक्ट', 'प्लेड' आणि 'वॉन्टेड' असा तीन सुरांत लागतो. आपल्याकडे आंबा खाल्ला, पोळी खाल्ली, पोहे खाल्ले. पानातला पदार्थ बदलला की क्रियापद बदलतं. इंग्रज एका 'एट'वर सगळी पंगत उठवतो. 'गो'चं 'वेंट' का, म्हणून चिडू नका. ते 'वेंड' या दुसऱ्याच क्रियापदाकडून उसनं आणलेलं आहे. आणि 'जाणे'चं 'गेला' होताना आपण तरी कुठे कुणाला जाब विचारला होता?

सरावाला गावाचाच इतिहास घ्या. केम्पेगौडांनी १५३७ साली शहर वसवलं: 'फाउंडेड'. १६३८ साली विजापूरकरांनी ते जिंकून शहाजीराजांना जहागिरीत दिलं: 'गेव्ह'. १६८७ साली मोगलांनी घेतलं: 'टुक', आणि म्हैसूरच्या चिक्कदेवराज वडियारांना तीन लाख रुपयांना विकलं: 'सोल्ड'. शिस्तीत चालणारं एकच, बाकी सगळी मोकाट. (तीन लाखांत अख्खं शहर! आज तेवढ्यात घराचं डिपॉझिट भागलं तर नशीब.)

'डिड' आला की त्यानंतरचं क्रियापद मूळ रूपात ठेवा. 'डिड नॉट वेंट' म्हणजे हेल्मेटवर टोपी.

खरी परीक्षा रोज सकाळी, ऑफिसच्या 'स्टँडअप' बैठकीत. काल काय केलंत? इथे 'फिनिश्ड' उच्चारणारा गाढव. त्याला तिथल्या तिथे नवं काम मिळतं. 'वर्क्ड ऑन' घ्या. भूतकाळ आहे, पण काम संपल्याचा वाससुद्धा नाही. 'लुक्ड इनटू' त्याहून सुरक्षित. 'ट्राइड' शुक्रवारसाठी राखून ठेवा.

शेवटचा धोका सर्वांत मोठा. मराठी माणूस टॉवेल शोधत फोनवर 'आलोच' म्हणतो. सिल्क बोर्डच्या सिग्नलला अडकलेला रिक्षावालाही कन्नडमध्ये 'बंदे, बंदे' म्हणतो, म्हणजे अक्षरशः 'आलो, आलो'. सीमावाद काहीही असो, न आलेल्या माणसाचा भूतकाळ करण्यात दोन्ही भाषांचं एकमत आहे. इंग्रजीला हे झेपत नाही. साहेबाला 'आय केम' म्हणालात, तर तो तुम्हाला कँटीनपासून गच्चीपर्यंत शोधत फिरेल. त्याला 'ऑन द वे' एवढंच कळवा.

रिक्षावाल्याशी मात्र इंग्रजी नको. खाली उतरायला उशीर होत असेल तर सरळ 'बंदे' म्हणा. किती वेळ लागणार, ते त्याला बरोबर कळतं.