पूर्ण वेगात दिसतं कुणाला?

पाणबुडीच्या अनेक संगणक-खेळांमध्ये एक थाप वर्षानुवर्षं खपून जाते आहे. यंत्रं पूर्ण वेगावर टाकायची, पेरिस्कोपची नळी वर काढायची आणि क्षितिजावरचं जहाज निवांत न्याहाळायचं. चित्र हलत नाही, नळीला काही होत नाही, शत्रूच्या टेहळ्यालाही काही दिसत नाही. आणि वेष्टणावर छापलेलं असतं: वास्तववादी.

चालत्या होडीतून एक बांबू उभा पाण्यात धरून बघा. होडी हळू असेल तर तो हातात राहतो. वेग वाढला की थरथरू लागतो, मग मनगटाला हिसके देतो. गोल नळीच्या मागे पाण्याचे भोवरे आळीपाळीने डावीकडून आणि उजवीकडून सुटतात, आणि प्रत्येक भोवरा नळीला आपल्या बाजूला ओढतो. फॉन कारमान या शास्त्रज्ञाच्या नावाने ही भोवऱ्यांची रांग ओळखली जाते. शिवाय पाण्याचा रेटा वेगाच्या वर्गाने वाढतो. 3 नॉटवरून 9 नॉटवर गेलात की रेटा नऊपट. नळीचा वरचा भाग आधाराबाहेर, एकटा पाण्यात उभा. दुसऱ्या महायुद्धातल्या पेरिस्कोपमधून सहापट मोठं दिसायचं, म्हणजे ही थरथरही सहापट मोठी होऊन डोळ्यात शिरायची. अशा काचेतून जहाजाच्या डोलकाठीची उंची मोजून अंतर काढायचं होतं! वर पाणी कापत जाणाऱ्या नळीमागे पांढऱ्या फेसाची रेघ उठते. विमानातल्या माणसाला तेवढी पुरते.

बॅटरीच्या जुन्या पाणबुड्या मुळातच मंद होत्या, म्हणून ही अडचण त्यांच्यापुरतीच, असं कुणी म्हणेल. त्याने 1982 चं फॉकलंड युद्ध आठवावं. ब्रिटनची 'काँकरर' अणुशक्तीवर चालणारी होती. पाण्याखाली 25 नॉटच्या वर जाऊ शकायची, शक्ती संपण्याची चिंता नाही. अर्जेंटिनाच्या 'जनरल बेलग्रानो' क्रूझरच्या मागावर असताना 'काँकरर'चे कप्तान ख्रिस रेफर्ड-ब्राऊन काय करत होते? खोल जाऊन 18 नॉटच्या आसपास पंधरा-वीस मिनिटं धावायचं, मग वर येऊन बघायचं. आणि बघताना वेग सुमारे 5 नॉटवर. तेवढ्यात बेलग्रानो पुढे निसटायची, की पुन्हा खोल, पुन्हा धाव. 2 मे रोजी त्यांनी तीन टॉर्पेडो सोडले, दोन लागले. 323 माणसं गेली. त्या दिवशीचा पाठलाग याच धाव-थांब-बघच्या तालावर झाला. अणुभट्टी पोटात असलेल्या पाणबुडीलाही बघायचं तर मंदावावंच लागलं.

मग 1941 सालच्या जर्मन पाणबुडीत बसलेल्या खेळाडूला ही सूट कशाबद्दल? सातव्या प्रकारची ती पाणबुडी पृष्ठभागावर 17 नॉटच्या पुढे जायची, पाण्याखाली जेमतेम साडेसात, आणि त्या वेगाने बॅटरी बघता बघता रिकामी. म्हणून तर ओटो क्रेट्श्मरसारखे कप्तान रात्री पाण्यावर राहूनच ताफ्यांवर तुटून पडत. पाण्याखाली धावणं आणि बघणं एकाच वेळी जमत नाही, हेही त्या युद्धरीतीमागचं एक कारण होतं. खेळातून तेवढंच काढून टाकलं की ती रीत का जन्मली हे खेळाडूला पुरतं कळणारच नाही.

'सायलेंट हंटर 3' हा 2005 चा खेळ मला मनापासून आवडतो. इंधन मर्यादित हवं का, प्राणवायू संपावा का, टॉर्पेडो फुसके निघावेत का, अशा खुणा करत गेलं की वास्तवतेची टक्केवारी चढत जाते. कल्पना उत्तम. मला असल्या प्रत्येक यादीत पेरिस्कोपची खूणही हवी आहे.

"खेळ आहे, मजा महत्त्वाची," हे उत्तर मला मान्य नाही, कारण मजा तिथेच आहे. खोल धावताना तुम्ही आंधळे असता, स्वतःच्याच आवाजामुळे निम्मे बहिरेही. त्या मिनिटांत लक्ष्याने दिशा बदलली असेल का? विनाशिका कुठे असेल? आता मंदावून बघावं, की आणखी दोन मिनिटं धावून जवळ जावं? बघितलं तर अंतर वाढेल. नाही बघितलं तर नेम चुकेल. हा पेच सोडवायला मी रात्र जागवेन. सरळ पूर्ण वेगात बघत जायला मिळालं तर उरते ती कळ दाबायची कवायत.

तेव्हा खेळ बनवणाऱ्यांनो, 6 नॉटच्या पुढे चित्र हलू द्या. आणखी वेग वाढला की काहीच दिसू देऊ नका, आणि तरीही कुणी नळी वर ठेवली तर ती वाकू द्या, तेवढी मोहीम वाया जाऊ द्या. लाटांवरचं चकाकतं ऊन पुढच्या आवृत्तीत आलं तरी चालेल.