एक दिवस मागे

आमच्या इमारतीत रात्री आठची मालिका तीन वेगवेगळ्या वेळी घडते. दुसऱ्या मजल्यावरच्या वहिनींकडे ती सकाळी चहाबरोबर घडते, कारण त्यांनी ॲपचे पैसे भरलेत आणि पैसे भरणाऱ्याला टीव्हीच्या आधी भाग दाखवायची सोय असते. तळमजल्यावरच्या आजींकडे केबल आहे, तिथे आठ म्हणजे आठ. आणि तिसऱ्या मजल्यावरच्या काकांकडे ती दुसऱ्या दिवशी रात्री घडते, तेही लॅपटॉपची आणि वायरची मर्जी असेल तर. त्यामुळे भर दुपारी बारा वाजता वहिनींच्या हिशेबाने नायिका घराबाहेर निघालेली असते, आजींच्या हिशेबाने तिच्यावर दागिने चोरल्याचा नुसता आळ आलेला असतो, आणि काकांकडे बिचारी अजून हळदीकुंकवाची वाणं मोजत असते.

काका जिना चढताना दिसले की बायका बोलायच्या थांबतात. नवखा माणूस याला आदर समजेल. खरं तर काकांचा दंडकच तसा आहे. "कालचं सांगायचं नाही हं!" हे ते रामराम म्हणावं तसं म्हणतात.

एक दिवस मागे राहण्याचं त्यांना दुःख मुळीच नाही. "चार दिवस सासूचे २००१ ते २०१३ चाललं. तीन हजारांच्या वर भाग! त्यात एक दिवस उशीर झाला तर कोणाचं काय अडलं?" या मुद्द्याला आमच्यापैकी कोणालाही उत्तर सापडलेलं नाही.

ही जात आमच्या डोंबिवलीतच आहे असं नाही. ठाणे, सांगली, नाशिक, कुठल्याही सोसायटीत एखादा तरी सापडतो. निवृत्त, नीटनेटका, पेन्शन बरी, मुलगा परदेशात किंवा हिंजवडीत, आणि घरातल्या फडताळाचा एक खण वायरींनी भरलेला. आमचे काका तर टेलिफोन खात्यातून निवृत्त झालेले, म्हणजे वायर हा त्यांचा कुळधर्मच. कंजूष मात्र म्हणू नका. गणपतीची वर्गणी सगळ्यात आधी त्यांची येते. फक्त टीव्हीला पैसे द्यायचे म्हटलं की त्यांच्या कपाळाची शीर उडते.

याला इतिहास आहे. त्यांचे वडील पोस्टात जाऊन टीव्हीच्या लायसन्सची फी भरत. ऐंशीच्या दशकात सरकारने ती भानगड बंद केली, तेव्हा काकांच्या घरी म्हणे गोडाचा शिरा झाला होता. "सरकारने सोडलं आणि हे कोण लागून गेलेत लायसन्स मागणारे?" हे त्यांचं सबस्क्रिप्शनविषयीचं मत. फेब्रुवारी २०१९ मध्ये ट्रायचे नवे दर आले. शंभर वाहिन्यांपर्यंत १३० रुपये अधिक कर, आणि ज्या वाहिन्या आपण खरोखर बघतो त्यांचे दर निराळे. काकांनी फुलस्केपवर यादी केली. चार वाहिन्या निघाल्या.

"मला चारच हव्यात."

"काका, चार घ्या की शंभर, १३० द्यावेच लागतात."

"मग एकही नको."

केबलवाला वायर गुंडाळून न्यायला लागला, तर ती वायरही काकांनी ठेवून घेतली. तिचे मीटरमागे पैसे आधीच दिले होते.

पुढे जिओहॉटस्टार आलं, तीन महिन्यांना १४९ रुपये. मी सहज म्हटलं, दिवसाला पावणेदोन रुपयेसुद्धा पडत नाहीत. काका म्हणाले, एक रुपया पासष्ट पैसे. गणित त्यांनी आधीच केलेलं होतं. शिवाय "ते नुसतं मोबाइलवर. एवढ्याशा काचेवर माणसं बघायची म्हणजे भिंगातून मुंग्या बघण्यासारखं." भाच्याने 'लिंक पाठवतो' म्हटलं तेव्हा त्यालाही झापलं. चोरीचं ते बघत नाहीत. कंपनीने स्वतः होऊन जे फुकट सोडलंय तेवढंच घ्यायचं, आणि त्याबद्दल जाहिराती इमानाने बघायच्या. जाहिरात लागली की काकू गॅस बारीक करायला उठतात, काका मात्र ताठ बसून राहतात. पाच सेकंदांनी पुढे ढकलायचं बटण येतं, तेही दाबत नाहीत. लॅपटॉप मुलाच्या खात्यावर चालतो, म्हणून सत्तरीच्या उंबरठ्यावरच्या या गृहस्थांना वधू-वर मंडळाच्या आणि कोडिंगच्या क्लासच्या जाहिराती येतात. कोडिंगची फी त्यांना पाठ झाली आहे.

आता ती यंत्रणा. ती पाहिल्याशिवाय काका कळायचे नाहीत.

टीव्ही २०११ च्या विश्वचषकाला घेतलेला, बत्तीस इंची एलसीडी. इंटरनेट या गोष्टीशी त्याचा संबंध नाही. लॅपटॉप मुलाने टाकून दिलेला, बॅटरी मेलेली, चार्जर हलला की बंद. त्याचं एचडीएमआयचं भोक मोडलंय, म्हणून जोडणी जुन्या निळ्या तोंडाच्या व्हीजीए वायरीने. व्हीजीएमधून फक्त चित्र जातं, आवाज जात नाही. त्यासाठी हेडफोनच्या भोकातून दुसरी बारीक वायर टीव्हीच्या पाठीमागे नेलेली. व्हीजीएच्या तोंडाला दोन स्क्रू असतात, त्यातला एक हरवलाय, तिथे काकूंच्या केसांचा रबर आहे. हा रबर सैल पडला की एखादी पिन सुटते आणि तिच्याबरोबर एक रंग जातो. निळा गेला की सासू-सासरे, नायिका, वकील, सगळ्यांना कावीळ होते. हिरवा गेला की अख्खं कुटुंब राणी रंगाचं. काका उठतात, टीव्हीमागे हात घालतात आणि नुसत्या बोटांनी चाचपत विचारतात, "आली का गोरी?" काकू स्वयंपाकघरातून डोकावून निदान करतात, "अजून पिवळीच आहे."

मध्यंतरी त्यांनी प्रगती केली होती. ग्रँट रोडला उतरून, लॅमिंग्टन रोडच्या गल्ल्या पालथ्या घालून मोबाइल टीव्हीला जोडायचं एक यंत्र आणलं. सगळं जुळलं. फोटो दिसले, नातवाचं बारसं दिसलं. मालिका लावली आणि पडदा काळाकुट्ट, आवाज मात्र खणखणीत. पडद्यावरून कोणी नक्कल उतरवू नये म्हणून ॲपवाले चित्राला कुलूप घालतात, आणि असल्या स्वस्त यंत्रांकडे त्याची किल्ली नसते. काकूंनी ती आकाशवाणी दोन भाग ऐकली आणि म्हणाल्या, "हे बरं आहे, पोळ्या लाटता येतात." काकांना ते लागलं. यंत्र खणात गेलं.

यंत्राला लागलेल्या पैशांत सबस्क्रिप्शन किती काळ चाललं असतं, हा हिशेब त्यांच्यापुढे काढायचा नसतो. आमच्याकडे हा अलिखित नियम लहान पोरंसुद्धा पाळतात.

त्यांच्या आयुष्यातला सोन्याचा हंगाम म्हणजे २०२३ ची आयपीएल. जिओसिनेमाने अख्खी स्पर्धा फुकट दाखवली. काका म्हणाले, "बघा, वाट बघणाऱ्याला मिळतं." अर्धी सोसायटी त्यांच्या हॉलमध्ये. पण इंटरनेटवरचं चित्र केबलच्या मागे असतं, चांगलंच मागे. समोरच्या इमारतीत केबल होती. आमच्याकडे बोलर अजून पॅन्टला चेंडू घासतोय आणि समोरून "ओऽऽ!" पोरं वैतागायची. काकांनी मात्र त्यातून शास्त्र काढलं. लांब आरोळी म्हणजे षटकार, तुटक म्हणजे चौकार, आणि आधी शांतता मग बायकांचा आवाज म्हणजे विकेट. बोलर धावायला लागला की डोळे मिटून सांगायचे, "मिडविकेटला जाणार." दिशा चुकायची, पण किती धावा हे कधी चुकलं नाही.

अंतिम सामना पावसाने राखीव दिवसावर गेला आणि मध्यरात्र उलटून लांबला. शेवटच्या दोन चेंडूंवर चेन्नईला दहा हव्या होत्या. समोरून एक लांब आरोळी आली. मग लगेच दुसरी आली, ती थांबेचना. आमच्याकडे जडेजा अजून ग्लोव्हज ओढत होता. काका उठले, दिवा लावला आणि म्हणाले, "चला, पहिला सिक्स, मग फोर. चपला नीट बघून घाला." आम्ही उभ्या उभ्याच तो षटकार आणि चौकार पाहिला, लग्न लागल्यावर पोचलेल्या पाहुण्यांसारखा.

काकू या सगळ्यात कुठे आहेत? काकूंची गोष्ट नाजूक आहे. त्यांच्या फोनचा रिचार्ज काकाच करतात, रोजचे किती जीबी एवढंच बघून. त्या पॅकमध्ये ॲपचं सबस्क्रिप्शन आयतंच येतं, हे दुसऱ्या मजल्यावरच्या वहिनींच्या लक्षात आलं. त्यांनी ओटीपी घालून ते चालू करून दिलं. तेव्हापासून काकू दुपारी मेथी निवडता निवडता आजचा भाग बघतात, आणि रात्री काकांशेजारी बसून कालचा. "अगंबाई, आता हो काय होणार!" हे त्या इतकं मनापासून म्हणतात की मालिकेतल्या नटीने शिकवणी लावावी. एकदाच जीभ घसरली. नायिका चिठ्ठी शोधत होती, काकू म्हणाल्या, "कपाटात नाही, देवघरात आहे." चिठ्ठी दुसऱ्या दिवशी देवघरात निघाली. काका मला कौतुकाने सांगत होते, "हिला मालिकांची नाडी कळते हो."

म्हणजे काकांच्या घरात रीतसर पैसे भरलेलं सबस्क्रिप्शन आहे, तेही त्यांच्याच पेन्शनमधून. सगळ्या इमारतीला ठाऊक आहे. मी एकदा काकूंना म्हटलं, सांगून का टाकत नाही? "बघू द्या हो," त्या म्हणाल्या. "तेवढंच ते खाली वाकतात, उठतात. डॉक्टरांनी हालचाल सांगितलीय."

गेल्या दिवाळीला मुलाने स्मार्ट टीव्ही पाठवला. त्रेचाळीस इंची. बसवणारा पोरगा रिमोटवरची ॲपची बटणं दाखवत होता, पहिले काही महिने फुकट आहेत म्हणाला. काकांनी विचारलं, मग कार्डाचा नंबर कशाला हवा? पोरग्याला सांगता येईना. काकांनी ते पान बंद करायला लावलं, आणि तो गेल्यावर टॉर्च घेऊन टीव्हीच्या मागे शिरले. बराच वेळ आतच. जुन्या निळ्या वायरीचं भोक नव्या टीव्हीला नव्हतं.

बाहेर आले ते चष्मा पुसत. चेहरा असा खुललेला की काकूंना वाटलं, सोडला एकदाचा नाद. दुसऱ्या दिवशी सकाळच्या लोकलने काका लॅमिंग्टन रोडला. संध्याकाळी जिन्यातच गाठून त्यांनी मला पिशवी उघडून दाखवली. व्हीजीएचं एचडीएमआय करणारी बोटभर डबी, तिला आवाजाची वायर वेगळी आणि करंटासाठी यूएसबीची वेगळी.

"आधी दोनच वायरी होत्या," काका म्हणाले. "आता चार!"