पाणी आलं का?

पुणेकराला पूर फार आवडतो. पुरात जायला नव्हे, बघायला. खडकवासल्यातून पाणी सोडलं की आमच्याकडे पहिली बातमी 'भिडे पूल पाण्याखाली' ही असते, आणि तो पाण्याखाली गेलाय म्हणजे नेमका कसा गेलाय हे बघायला झेड ब्रिजवर छत्र्यांची गर्दी होते. मीही दर वर्षी जातो. आत्याबाई होत्या तोवर त्यांना आल्यावर हकिगत सांगावी लागे. त्या पंख्याखाली बसून ऐकायच्या आणि म्हणायच्या, "हे कसलं पाणी? पाणी ते 12 जुलै एकसष्टचं." पानशेत फुटल्यानंतर पुण्यात आलेल्या कुठल्याच पुराला आत्याबाईंनी पास केलं नाही.

पाणी मोजायची प्रत्येक गावाची आपली तऱ्हा असते. नाशिकला रामकुंडावर दुतोंड्या मारुती आहे. गोदावरी त्याच्या गुडघ्याला आली, कमरेला आली, गळ्याला आली, यावर सगळ्या नाशिकचा रक्तदाब ठरतो. सांगलीत आयर्विन पुलाखाली 40 फूट झाले की इशारा आणि 45 झाले की धोका. कोल्हापुरात राजाराम बंधाऱ्यावर तेच आकडे 39 आणि 43. जुलै-ऑगस्टात सांगलीच्या मेहुण्याला फोन केला तर तो 'हॅलो'च्या जागी 'एकोणचाळीस' म्हणतो. या सगळ्या मापांत एक गोष्ट सारखी आहे, ती माझ्या बावन्नाव्या वर्षापर्यंत लक्षात आली नव्हती. मोजणारा माणूस कोरडा असतो.

माझा भाचा या नियमाला अपवाद. तो पोटासाठी सॉफ्टवेअरमध्ये आणि मनाने कयाकमध्ये असतो. कयाक म्हणजे एका माणसाची लांबट होडी. तिच्यात कमरेपर्यंत स्वतःला खोचून घ्यायचं आणि खळाळत्या नदीत दगड चुकवत खाली जायचं. ही होडी तो सोसायटीच्या पार्किंगमध्ये ठेवतो. त्यावरून आमच्या नोटीस बोर्डावर 'पार्किंगमध्ये जलवाहने लावू नयेत' अशी सूचना लागलेली आहे. शहराच्या इतिहासात ही बहुधा पहिलीच असावी.

मे महिन्यात तो म्हणाला, "मामा, चला कोलाडला. तुम्ही राफ्टमध्ये बसा, मी कयाक घेऊन शेजारी असतो."

"मे महिन्यात? नदीला पाणी कुठलं?"

"तीच तर गंमत आहे," तो म्हणाला.

पहाटे निघालो. पौड गेलं, मुळशीचं धरण लागलं. उजाडताना तिथलं पाणी असं निवांत पसरलेलं असतं की त्याला कुठे जायची घाई असेल असं वाटत नाही. हे पाणी मुळेचं. सरळमार्गी असतं तर पुण्यात येऊन मुठेला भेटलं असतं, मग भीमा, मग कृष्णा, असं करत बंगालच्या उपसागराला गेलं असतं. पण टाटांनी इथे धरण बांधायला घेतलं. जमिनी जाणाऱ्या मावळ्यांनी 1921 साली सत्याग्रह केला आणि पांडुरंग महादेव बापट त्यात 'सेनापती' झाले. धरण झालंच. 1927 पासून हे पाणी सह्याद्रीच्या पोटातून पश्चिमेला नेतात, कोकणाच्या बाजूला सुमारे 500 मीटर खाली सोडतात, भिरा इथल्या जनित्रांवर त्याची वीज होते आणि ती वीज मुंबईला जाते. घामाघूम झालेलं पाणी मग कुंडलिका नदीत सोडून देतात. ते रेवदंड्याला अरबी समुद्रात जातं.

म्हणजे पाणी आमचं आणि पंखे त्यांचे. माझा साडू दादरला राहतो आणि "आमच्याकडे लाइट जात नाहीत" हे वाक्य पुण्यात आला की जेवताना एकदा आणि निघताना एकदा म्हणतो. धरणाच्या भिंतीकडे बघताना मला तो आठवला. ताम्हिणी उतरून, विळ्याहून आम्ही कोलाडच्या बाजूला पोचलो. पाणी बोगद्यातून, आम्ही घाटातून.

रवाळज्याजवळ नदीकाठी उतरलो तर नदी नव्हती. म्हणजे पात्र होतं, दगड होते, दगडांच्या मधे डबकी होती आणि एका डबक्यात म्हैस होती. काठावर मात्र हेल्मेट आणि केशरी जॅकेटं घातलेली शे-दीडशे माणसं, फुगवलेल्या राफ्ट, वल्ही, सेल्फी.

"पाणी?" मी विचारलं.

"अजून सोडलं नाही काका," आमचा गाइड म्हणाला. तिथलाच मुलगा, नदीत वाढलेला. "येईल. मुंबईला लोड आला की येतं."

हे वाक्य ऐकून मला एकदम घरी आल्यासारखं वाटलं. आयुष्याची पहिली पंचवीस वर्षं मी वाड्यात काढली आहेत. पहाटे बादल्या लावून नळाकडे बघत बसणं, मधेच नळाने घसा खाकरणं, कुणीतरी "आलं का?" विचारणं आणि चार बिऱ्हाडांतून एकदम "नाही अजून" येणं हे सगळं मला पाठ आहे. साहसी खेळ म्हणून लोक पैसे भरून काय करतात, तर नळाची वाट बघतात. फरक इतकाच की इथे आपणच बादलीत बसायचं.

दरम्यान गाइडने उपदेश सुरू केला. वल्ह्याच्या टोकाला आडवी मूठ असते, ती काही झालं तरी सोडायची नाही. का, तर सुटली की शेजाऱ्याच्या दातांवर बसते. माझा शेजारी ठाण्याहून आलेला दंतवैद्य होता. तो मनापासून हसला.

"आणि पाण्यात पडलात तर उभं राहायचं नाही."

मी हात वर केला. कमरेएवढं पाणी असेल तर?

"तरीपण नाही. कमरेएवढं असेल तर अजिबात नाही."

याचं कारण भाच्याने सांगितलं. वाहत्या पाण्यात उभं राहायला गेलं की पाऊल दोन दगडांच्या फटीत जातं. मग पाय खाली अडकलेला आणि पाणी पाठीवर ढकलतंय. माणूस पुढे वाकतो तो परत सरळ होत नाही. पाण्याचा वेग दुप्पट झाला की जोर चौपट होतो, त्यामुळे ताकदीचा प्रश्नच उरत नाही. म्हणून उताणं पडायचं, पाय वर, तळवे वाहत्या दिशेला, आणि जसं नेईल तसं जायचं. स्वतःच्या पायावर उभं राहा, असं वडिलांनी मला लहानपणापासून सांगितलं होतं. ते जमायला चाळिशी उजाडली, आणि आता हा मुलगा सांगतोय की पाय वर करून पडून राहा.

"मग पाणी जास्त असलेलं चांगलं की कमी?" दंतवैद्याने विचारलं. सरळ प्रश्न होता.

"तसं नसतं," भाचा म्हणाला, आणि माझ्या लक्षात आलं की आता तो खुशीत आलाय. कमी पाण्यात दगड उघडे पडतात, होडी अडकते, आपटते. थोडं वाढलं की तेच दगड पाण्याखाली जातात. पाणी त्यांच्यावरून उडी मारतं आणि खाली पडून उलटं, दगडाकडेच वळतं. तिथे जे सापडलं ते तिथेच गरगरत राहतं. आणखी वाढलं की ही जागा कधी नाहीशी होते, कधी दुप्पट मोठी होते. खूपच वाढलं तर नदी काठावरच्या झाडांत शिरते. पाणी फांद्यांतून निघून जातं, माणूस जात नाही.

"पाणी म्हणजे चहा," तो म्हणाला, "झाड म्हणजे गाळणी. आणि मामा, तुम्ही चोथा."

एकाच नदीला, एकाच जागी, सकाळी एक स्वभाव आणि दुपारी दुसरा. नदीचा अवघडपणा मोजायला 1 ते 6 अशा इयत्ता आहेत, कुंडलिका दुसरी-तिसरीत. सहावीत गेलेली माणसं क्वचितच पुढचा वर्ग बघतात. पण पाणी बदललं की इयत्ताही बदलते. आणि सगळ्यात वाईट काय, तर बंधारा. दिसायला सरळ रेघ, चार-पाच फुटांचा, खाली पांढरा फेस, लहान मुलाला उतरावंसं वाटेल असा. पण त्याच्या पायथ्याशी पाणी काठापासून काठापर्यंत मागे वळतं, कुठे फटच नसते. सरकारी कचेरीत एका टेबलाने पुढच्या टेबलाकडे पाठवलेला अर्ज पुन्हा पहिल्याच टेबलावर यावा, तसं. नैसर्गिक भोवऱ्याला निदान बाजूने सुटायची वाट असते. बंधारा माणसाने बांधलेला, त्यात ढिलाई नाही.

मला आजी आठवली. आजोळी घोड नदीवर एक डोह होता. त्यात आसरा राहतात, सात जणी, आणि पोहणाऱ्या पोराला पाय धरून खाली नेतात, असं ती सांगायची. आम्ही शाळेत विज्ञान शिकलो आणि आजीला हसलो. डोहाच्या वरच्या अंगाला एक जुना दगडी बांध होता, हे मला कोलाडच्या काठावर बसून, पंचेचाळीस वर्षांनी आठवलं. आजीला पाणी कसं उलटं फिरतं ते सांगता आलं नसतं, पण कुठे उतरायचं नाही ते पक्कं ठाऊक होतं. निघोजला कुकडीच्या पात्रात पाण्याने दगडगोटे गरगरवून अख्ख्या खडकात रांजण कोरलेत. ते बघून आलेल्या माणसाने तरी आसरांना हसू नये.

"आलं!" कुणीतरी ओरडलं.

मी लोंढ्याची अपेक्षा केली होती. तसं काही झालं नाही. म्हैस उठली आणि शांतपणे काठावर आली. तिने घाई केली नाही. मग डबकी एकमेकांना भेटली, दगडांच्या मधून आवाज सुरू झाला, आणि गाइड समोरच्या एका काळ्या दगडाकडे बघत उभा राहिला. दगडाचं डोकं तेवढं उरलं तेव्हा तो म्हणाला, "चला." हा त्याचा दुतोंड्या मारुती. पेपरात क्युसेक वाचताना मला कधी काही कळलं नव्हतं. एक क्युसेक म्हणजे सेकंदाला 28 लिटर, म्हणजे माझ्या वाड्यातल्या बादलीने जवळजवळ दीड बादली. खडकवासल्यातून 25 हजार क्युसेक सोडले म्हणजे सेकंदाला पस्तीस हजार बादल्या. हे आधी कळलं असतं तर झेड ब्रिजवर मी भजी इतकी निवांत खाल्ली नसती.

पुढचे बारा-चौदा किलोमीटर मी सलग सांगू शकत नाही, कारण मला ते सलग घडले नाहीत. "फॉरवर्ड! काका, फॉरवर्ड!" एवढं आठवतं. इथल्या एका खळाळाला 'मॉर्निंग हेडेक' म्हणतात. ऋषिकेशला गंगेवर 'रोलर कोस्टर' आहे, 'द वॉल' आहे. नावं ठेवणाऱ्याने निदान काय होणार ते सांगून ठेवलंय. आपल्याकडे मराठी नाव ठेवलं असतं तर 'भागीरथीबाईंची उडी' असं काहीतरी ठेवलं असतं आणि आत काय आहे ते गेल्यावरच कळलं असतं.

मी पडलो तो कुठल्याही नामवंत खळाळात नाही. एका साध्या वळणावर, बगळ्याचा फोटो काढणाऱ्या दंतवैद्याला जागा करून देताना पडलो. पाणी मे महिन्यातही गार होतं. धरणाच्या पोटातलं पाणी, त्याला उन्हाळा माहीत नसावा. पहिल्यांदा पायांनी तळ शोधला. बावन्न वर्षांची सवय. "काका, पाय वर! पाय वर!" मी उताणा झालो. वर आकाश, समोर माझेच दोन तळवे, आणि तळव्यांच्या मधे, बंदुकीच्या माशीत दिसावं तसं, काठावरून पाण्यात वाकलेलं करंजाचं झाड. गाळणी. मी आयुष्यात इतक्या तळमळीने कधी हात मारले नव्हते. भाच्याची कयाक आडवी आली, मी तिचं टोक धरलं, आणि त्याने मला झाडापासून पंधरा फुटांवर, जिथे पाणी काठाशी उलटं वळून थबकतं अशा जागी आणून ठेवलं. उलटं पाणीसुद्धा सगळंच वाईट नसतं. माणूस तिथे बसून श्वास घेऊ शकतो.

माझ्या या कार्यक्रमात अर्धा तास गेला. मग चष्म्याचा शोध घेण्यात आणखी वीस मिनिटं. चष्मा दंतवैद्याच्या हेल्मेटवर होता. तोवर बाकीच्या राफ्ट पुढे निघून गेल्या होत्या आणि गाइड सारखा काठाकडे बघत होता. ओल्या दगडांवर पाण्याची रेघ वर राहिली होती आणि पाणी तिच्या वीतभर खाली आलं होतं.

"उतरतंय," तो म्हणाला. "वर मशिनं बंद झाली वाटतं."

शेवटच्या टप्प्यात राफ्ट कुरकुरली आणि थांबली. आम्ही सहा जण, खाली सहा इंच पाणी, आजूबाजूला पुन्हा दगडच दगड. काठावर दुसरी एक म्हैस डबक्याकडे परत निघालेली. तेवढ्यात भाच्याच्या पाणबंद पिशवीत माझा फोन वाजला. साडू.

"काय रे, झालं का राफ्टिंग? मजा आहे बुवा तुमची. आम्ही आपले दारं लावून एसीत."

"लावलायस अजून?"

"छे, आत्ताच बंद केला. फार गार झालं होतं."

"लाव परत," मी म्हणालो. "आमची राफ्ट अडकलीये."