पन्नास कोटींचं अंडं

जानेवारी २०२५ च्या अखेरीस महाराष्ट्र सरकारने ठरवलं की शाळेतल्या पोषण आहारात मुलांना मिळणाऱ्या अंड्यासाठी यापुढे वेगळा पैसा द्यायचा नाही. खिरीला आणि नाचणीसत्त्वाला लागणारी साखरही बंद. शाळांना हे पदार्थ द्यायचेच असतील तर त्यांनी लोकसहभागातून द्यावेत. या अंड्यावर वर्षाला खर्च होत होता सुमारे ५० कोटी रुपये. त्याच आर्थिक वर्षात ‘मुख्यमंत्री माझी लाडकी बहीण’ योजनेसाठी वर्षाला ४६ हजार कोटींची तरतूद जाहीर झाली होती. आईच्या खात्यात ९२० रुपये जाणार असतील तेव्हा लेकराच्या ताटात १ रुपया, एवढाच हिशोब होता. तो १ रुपयाही कापला.

बाईच्या खात्यात थेट पैसे जाण्याला माझा विरोध नाही. पोराला ताप आला तर नवऱ्यापुढे हात न पसरता डॉक्टरकडे जाता येणं ही मोठी गोष्ट आहे, आणि ज्यांना तिची गरज कधी पडली नाही त्यांनी त्यावर नाक मुरडू नये. पण जिच्या खात्यात या योजनेचे दरमहा १५०० रुपये जमा होतात ती भर दुपारी दुसऱ्याच्या शेतात खुरपत असते. त्या वेळी तिच्या पोराला कुणीतरी शिजवून वाढायला लागतं. ते काम खात्यातले पैसे करत नाहीत. शाळेतली स्वयंपाकीण करते, अंगणवाडीतली मदतनीस करते. आई आणि मूल हे एकाच घरातले असताना सरकारी तिजोरीत त्यांना एकमेकांसमोर उभं कुणी केलं?

लोकसहभागाची सूचना तर माझ्या अजून पचनी पडत नाही. पाड्यावरची दोनशिक्षकी शाळा डोळ्यांपुढे आणा. मुख्याध्यापकच वर्ग घेतात, तेच तांदळाची पोती मोजतात, तेच माहिती भरत बसतात. चूल सांभाळणाऱ्या बाईला महिन्याला २५०० रुपये मानधन, तेही वेळेवर मिळेल याची खात्री नाही. या शाळेने वर्गणी कुणाकडे मागायची? पालक रोजंदारीवर, सरपंचांच्या घरीही खाणारी तोंडं दहा. वर्गणी देऊ शकतील असे लोक जिथे राहतात तिथल्या मुलांना अंडं घरीच मिळतं. ज्या गावाला अंडं हवं तिथे वर्गणी नाही, हे मंत्रालयात बसणाऱ्यांना ठाऊक नसेल असं मी मानत नाही.

अंडं सर्वांना चालत नाही, हा आक्षेपही पुढे केला गेला. जो खात नाही त्याला केळं द्यायचं, हे योजनेत आधीपासून होतं. वाद मिटला होता. पैसे काढून घेतले ते त्यानंतर.

दुसऱ्या राज्याकडे बघा. तमिळनाडूत करुणानिधींच्या सरकारने १९८९ साली पंधरवड्याला एक अंडं सुरू केलं. नंतर सत्तेवर कुणीही आलं तरी ते वाढतच गेलं आणि आता शाळेच्या रोजच्या जेवणात अंडं असतं. २०२२ पासून तिथे सकाळची न्याहारीही मिळते. २०१९ ते २१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात पाच वर्षांखालच्या खुज्या मुलांचं प्रमाण तमिळनाडूत २५ टक्के होतं, महाराष्ट्रात ३५.२ टक्के. हा फरक एका अंड्याने पडलेला नाही. सत्ता बदलली तरी मुलांच्या ताटाला हात लावायचा नाही, ही शिस्त मात्र त्यांनी पाळली. आपल्याकडे सरकार बदलायचीसुद्धा वाट पाहिली नाही.

शाळेच्या आधीची सहा वर्षं तर याहून महत्त्वाची. तिथे कारभार अंगणवाडीचा. अंगणवाडीतल्या मुलाच्या पूरक आहारासाठी केंद्राने २०१७ मध्ये दर ठरवला: दिवसाला ८ रुपये. त्यात ५०० उष्मांक आणि १२ ते १५ ग्रॅम प्रथिनं बसवायची. एका अंड्यात साधारण ६ ग्रॅम प्रथिनं असतात आणि बहुतेक सारे ८ रुपये त्या एकाच अंड्यावर संपतात. डाळ कशात घ्यायची, तेल कशात? सरकारी कर्मचाऱ्यांचा महागाई भत्ता वर्षातून दोनदा वाढतो, आणि वाढायलाच हवा. महागाई जर पगाराला लागते तर खिचडीला लागत नाही का? हा दर मात्र वर्षानुवर्षे जागचा हलला नाही.

दर हलला नाही, पण तपासणी वाढली. १ जुलै २०२५ पासून घरी न्यायचा आहार घेताना लाभार्थीचा चेहरा मोबाइलवर जुळवावा लागतो. सेविका फोन धरून उभी, समोर कडेवर पोर घेतलेली आई. ‘डोळे मिचकाव गं, अजून एकदा.’ गोल गोल फिरणारी खूण थांबत नाही, कारण वस्तीवर रेंज नाही. मग आधारला जोडलेल्या नंबरवर आकडा येतो, तो फोन नवऱ्याच्या खिशात आणि नवरा नाशिकला कामावर. पाकिटं समोर टेबलावर पडलेली असतात. चोरी थांबवायची तर ठेकेदाराचं गोदाम तपासा, पाकिटातला माल तपासा. गावातल्या प्रत्येक पोराला नावाने ओळखणाऱ्या बाईला आईचा चेहरा मशीनकडून ओळखून घ्यायला लावणं हा तिचा अपमान आहे. याच सेविका डिसेंबर २०२३ पासून पन्नासएक दिवस संपावर होत्या. सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्ये त्यांचा ग्रॅच्युइटीचा हक्क मान्य केला आहे. तरीही त्यांच्या कष्टाला आपण अजून मानधनच म्हणतो.

सर्वांत मोठी फट पडते ती ऊसतोडीत. दसरा झाला की बीड, जालना, पाथर्डीकडची जोडपी कोयता घेऊन कोल्हापूर, सांगली, सोलापूरच्या फडात जातात. मुकादमाची उचल घेतलेली असते, त्यामुळे बाळ चार महिन्यांचं असलं तरी जावंच लागतं. पहाट व्हायच्या आत आई फडात. तान्ह्याला कोपीत सांभाळते आठ-नऊ वर्षांची ताई, म्हणजे तिची शाळाही बुडाली. तान्ह्याचं नाव गावच्या अंगणवाडीच्या रजिस्टरात. कोपीजवळच्या गावातली अंगणवाडी दुपारपर्यंत बंदही होते आणि आई परतते अंधार पडल्यावर, कधी रात्री गाडी भरून झाल्यावर. सरकारने शाळकरी मुलांसाठी वसतिगृहं काढली, ती चालली पाहिजेत. पण दोन वर्षांच्या लेकराला कुणी वसतिगृहात ठेवत नाही.

पैसा नाही असंही नाही. गोपीनाथ मुंडे ऊसतोड कामगार कल्याण महामंडळासाठी कारखान्यांकडून टनामागे १० रुपये घ्यायचे आणि तेवढीच भर सरकारने घालायची, असं ठरलेलं आहे. त्यातून टोळ्यांच्या प्रत्येक मोठ्या तळावर एक पाळणाघर उभं राहू शकतं: पत्र्याची पक्की शेड, प्यायचं पाणी, चूल, टोळीतल्याच दोन बाया पूर्ण पगारावर, आणि वेळ पहाटेपासून आई परतेपर्यंत. ऊस किती येणार, टोळ्या किती, कुठल्या गावच्या, याच्या नोंदी कारखान्यांच्या शेतकी खात्याकडे असतात. मुलांचा रकाना त्यात वाढवायला कायदा बदलावा लागत नाही. गाळप दिवाळीच्या आसपास सुरू होतं. या शेडची कामं गणपतीच्या आत निघाली पाहिजेत.